गाभाऱ्यातला आवाज : नाकामोरी आकिना आणि १९८६ चा एक धूसर अल्बम

मागच्या लेखात आपण बंद खोलीत आवाज का घुमतो ते पाहिलं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'निनाद' नावाचा जो शब्द आपण दोन गुणांसाठी पाठ केला होता, तोच. आज त्याच निनादाची गोष्ट आहे, पण यावेळी प्रयोगशाळेऐवजी तोक्योतली. आणि थोडी माझीही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी माझं काम दोन ओळींत. माझी पीएचडी निनाद पुसण्यावर आहे. तुम्ही मोठ्या हॉलमध्ये मोबाईलवर भाषण रेकॉर्ड केलंत की त्यात वक्त्याच्या आवाजासोबत हॉलचाही आवाज येतो. भिंतींवरून, छतावरून परतलेल्या लहरी मूळ शब्दांवर चढतात आणि शब्द फिस्कटतात. या मिश्रणातून फक्त वक्त्याचा स्वच्छ आवाज वेगळा काढायचा, हे माझं कोडं. म्हणजे साध्या भाषेत, मी रोज सकाळी उठून खोल्या पुसते.

तर २०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री संगणकावर काम चालू होतं आणि कानात जुनी जपानी गाणी. ताकेउची मारियाचं 'प्लास्टिक लव्ह' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, त्या वाटेनेच मीही तिकडे गेले होते. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं आपोआप वाजत असताना अचानक आवाज बिघडला. ड्रम व्यवस्थित, सिंथेसायझर व्यवस्थित, पण गाणारी बाई जणू तीन खोल्या पलीकडे. मी हेडफोनची पिन काढून परत घातली. मग दुसरा हेडफोन लावून पाहिला. मग लक्षात आलं की हेडफोनला काहीही झालेलं नाही, रेकॉर्डिंगच तसं आहे.

तो अल्बम होता 'फुशिगी'. अर्थ : गूढ, अजब. गायिका नाकामोरी आकिना. ११ ऑगस्ट १९८६ ला वॉर्नर पायोनिअर कंपनीने तो काढला आणि तो जपानच्या ओरिकॉन यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. गायिकेचं वय एकवीस. निर्माती म्हणून नाव तिचं स्वतःचं.

मला त्या रात्री खरंच राग आला होता. ज्या दोषाशी मी दिवसभर झगडते, तो कुणीतरी मुद्दाम, पैसे खर्चून, इतक्या मोठ्या प्रमाणावर केला होता. का, हे शोधायला बसले, आणि त्या शोधात कधी तिची चाहती झाले ते कळलं नाही.

आयडॉल म्हणजे नक्की काय?

ही गोष्ट समजायची तर जपानमध्ये 'आयडॉल' हा शब्द कसा वापरतात ते आधी बघावं लागेल. सिल्व्ही वार्तान ज्यात होती तो एक फ्रेंच चित्रपट १९६४ मध्ये जपानमध्ये लागला. त्याच्या जपानी नावात हा शब्द होता, आणि तिथून तो रुळला असं सहसा सांगतात. पण त्याला आजचा अर्थ मिळाला तो टीव्हीमुळे. १९७१ मध्ये 'स्टार तानजो' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. देशभरातली शाळकरी मुलंमुली यायची, परीक्षकांसमोर गायची, आणि अंतिम फेरीत रेकॉर्ड कंपन्यांची आणि एजन्सींची माणसं समोर बसलेली असायची. मुलगी आवडली की कंपनीचा माणूस हातातली पाटी वर करायचा. घराघरांत लोक हे बघत असायचे. म्हणजे मुलगी गायिका होण्याआधीच प्रेक्षकांच्या ओळखीची झालेली असायची.

आयडॉलचं वेगळेपण इथे आहे. ती सर्वोत्तम गाते म्हणून लोक तिच्याकडे येत नाहीत. ती आपल्यासमोर मोठी होते, चुकते, सुधारते, आणि हे सगळं आपण जवळून बघतो असं प्रत्येकाला वाटत राहतं. विकायचा माल कोणता, असं विचाराल तर मी म्हणेन, जवळीक.

याच कार्यक्रमातून यामागुची मोमोए आली. १९७३ मध्ये चौदाव्या वर्षी पहिली रेकॉर्ड. ५ ऑक्टोबर १९८० ला तोक्योच्या बुदोकानमध्ये तिने निरोपाचा कार्यक्रम केला, शेवटच्या गाण्यानंतर माइक रंगमंचावर ठेवला आणि निघून गेली. वय एकवीस. लग्न करून घरी बसली आणि पुन्हा गायला परतली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मात्सुदा सेइकोने पदार्पण केलेलं होतं. मोकळं हसू, उन्हाळा, समुद्र, आणि कानाशी लागून गोड बोलावं तसा आवाज.

नाकामोरी आकिना या दोघींच्या मागून आली. जन्म १३ जुलै १९६५, तोक्योचा. सहा भावंडांतली पाचवी. 'स्टार तानजो'मध्ये ती तीनदा उतरली. पहिल्यांदा परीक्षकांना वाटलं की ती वयाच्या मानाने फारच प्रौढ गाते. दुसऱ्यांदा अडचण अशी निघाली की चेहरा फार बालिश आहे, तिने बालगीतं गावीत! आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये उतरलेल्यांना हा अनुभव नवा नसेल. फरक इतकाच की आकिना गप्प बसली नाही, बालगीतं तर या स्पर्धेत चालतच नाहीत ना, असं तिने तिथेच ऐकवलं. तिसऱ्यांदा, १९८१ च्या जुलैमध्ये, तिने मोमोएचंच गाणं घेतलं आणि जिंकली.

मे १९८२ मध्ये 'स्लो मोशन' हे पहिलं गाणं आलं आणि बेताचं चाललं. दुसरं 'शोजो ए', म्हणजे 'मुलगी अ'. वर्तमानपत्रात अल्पवयीन आरोपीचं नाव लपवताना जसं लिहितात, तसं. आकिनाला हे गाणं गायचंच नव्हतं. ते 'अ' म्हणजे आपणच, असं तिला वाटलं होतं. पण गावं लागलं आणि नेमकं तेच गाजलं. एका रात्रीत तिच्यावर बंडखोर मुलीचा शिक्का बसला. मग 'सेकंड लव्ह' या हळव्या गाण्याने ती पहिल्या क्रमांकावर पोचली.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. सतरा वर्षांची मुलगी, नको असलेलं गाणं, आणि त्यातूनच मिळालेलं यश. पुढची चार वर्षं ती एकेक निर्णय स्वतःच्या हातात घेत गेली, त्याची सुरुवात मला इथे दिसते.

एकेक पायरी

१९८४ च्या १ जानेवारीला 'किता विंग' आलं. नाव नारिता विमानतळाच्या उत्तर भागावरून. संगीतकार हायाशी तेत्सुजी हवा, ही मागणी तिची होती. (हायाशी म्हणजे मात्सुबारा मिकीचं १९७९ चं 'मायोनाका नो डोअर' करणारा. हल्ली आपल्याकडच्या रील्समध्येही ते वाजतं.) गाण्याचं नावही तिनेच सुचवलेलं. वय अठरा. त्याच वर्षाच्या शेवटी इनोउए योसुई या मुरलेल्या गीतकार-गायकाने तिच्यासाठी लिहिलं. १९८५ मध्ये लॅटिन तालावरच्या 'मी आमोरे'ला जपान रेकॉर्ड पुरस्काराचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. १९८६ मध्ये 'डिझायर'ला तेच पुन्हा मिळालं. लागोपाठ दोन वर्षं हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. 'डिझायर'साठी किमोनोचा आधुनिक अवतार आणि सरळ कापलेल्या केसांचा टोप, ही कल्पनाही तिची. 'द बेस्ट टेन' या साप्ताहिक टीव्ही कार्यक्रमात ती एकूण ६९ वेळा पहिल्या क्रमांकावर आली. तो त्या कार्यक्रमातला विक्रम आहे.

म्हणजे १९८६ च्या उन्हाळ्यात ती शिखरावर होती. अशा वेळी कंपनीला काय हवं असतं? गाजलेली दोन-तीन गाणी घालून एक अल्बम. 'फुशिगी'त तिचं एकही गाजलेलं गाणं नाही. दहाच्या दहा नवी. बरीचशी संगीतरचना युरॉक्स या, व्हायोलिन बाळगणाऱ्या, प्रोग्रेसिव्ह रॉकच्या वळणाच्या गटाची. आणि सगळ्यात वर म्हणजे गायिकेचाच आवाज मागे ढकललेला आणि निनादात बुडवलेला.

निनादाने शब्द का जातात?

आता थोडं विज्ञान. कंटाळू नका, गोष्टीचा गाभा इथेच आहे.

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं आणि तिथे बोललेलं काहीच कळेना. वॉलेस सबाईन या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघ काय करता येतं. त्याने ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या घेतल्या आणि रात्री-अपरात्री मोजमाप सुरू केलं. नळी वाजवायची, थांबवायची, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचे सेकंद मोजायचे. त्या खोलीत ते साडेपाच सेकंद निघाले. म्हणजे वक्ता पुढची दहा-पंधरा अक्षरं बोलून जायचा तरी आधीचं अक्षर हवेत तरंगतच असायचं. गाद्या आणून ठेवल्या की वेळ कमी व्हायचा. खोली जितकी मोठी तितका निनाद जास्त, आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका कमी, हे आजही वापरात असलेलं सूत्र तिथून निघालं.

पण शब्दच का जातात, सूर का जात नाही? याचं कारण स्वर आणि व्यंजनं. 'आ', 'ओ', 'ई' हे स्वर जोरकस आणि लांब असतात. 'क', 'ट', 'प' ही व्यंजनं क्षणभराची आणि अशक्त. निनाद असलेल्या जागेत आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पसरते आणि त्याला झाकून टाकते. 'पाट', 'पाक' आणि 'पाप' यांतला फरक कशाने कळतो? शेवटच्या व्यंजनाने. ते झाकलं गेलं की उरतो फक्त 'पाऽऽ'. गाण्याची चाल स्वरांवर उभी असते म्हणून ती टिकते, आणि शब्द व्यंजनांवर उभे म्हणून ते जातात.

दुसरी गोष्ट अंतराची. खोलीत कुणी बोलत असेल तर तुमच्यापर्यंत दोन आवाज येतात. एक थेट आणि एक भिंतींवरून फिरून आलेला. तुम्ही लांब जाल तसा थेट आवाज झपाट्याने कमी होतो, अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलने. फिरून आलेला मात्र खोलीभर जवळपास सारखाच असतो. त्यामुळे एका ठराविक अंतरानंतर निनाद थेट आवाजाच्या वरचढ होतो. आपला मेंदू या प्रमाणावरूनच माणूस किती दूर आहे ते ओळखतो. डोळे मिटूनही.

स्टुडिओत हे सगळं खोटं खोटं करता येतं. गायिका माइकपासून वीतभर अंतरावर गाते, मग थेट आवाज किती आणि कृत्रिम निनाद किती, हे बटणांनी ठरतं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात निनाद तयार करणारी डिजिटल यंत्रं आली आणि एका खोक्यातून चर्च, गुहा, सभागृह काहीही निघू लागलं. आणि १९८६ हे वर्षही बघा. त्याच वर्षी जपानमध्ये सीडींच्या उत्पादनाने एलपी तबकड्यांना मागे टाकलं. तबकडीवर खरखर असते, त्यामुळे निनादाची विरत जाणारी शेपटी खरखरीत बुडते. सीडीवर ती शेवटपर्यंत ऐकू येते. जगाला पहिल्यांदाच इतकं स्वच्छ माध्यम मिळालं होतं, आणि या मुलीने त्यावर धुकं रेकॉर्ड केलं.

आता आयडॉलकडे परत या. आयडॉलच्या व्यवहारात विकली जाते जवळीक, असं मी वर म्हटलं. ती जवळीक ध्वनीच्या भाषेत म्हणजे थेट आवाजाचं वाढतं प्रमाण. ती तुमच्या कानाशी गाते. 'फुशिगी'त आकिनाने ते प्रमाण उलटं केलं. ऐकणाऱ्याला तिने उचलून त्या ठराविक अंतराच्या पलीकडे नेऊन उभं केलं. मी गाते आहे, पण तू तिथूनच ऐक. चार वर्षं ज्या मुलीचा चेहरा, केस, कपडे, हसू दर आठवड्याला टीव्हीवर तपासलं जात होतं, तिने स्वतःच्या हातात आलेल्या पहिल्याच पूर्ण अल्बममध्ये सगळ्यात आधी अंतर मागितलं. हा माझा अर्थ आहे. तिने दिलेलं स्पष्टीकरण म्हणून वाचू नका. पण बटणांच्या जागा मात्र ऐकू येतात, त्या कुणालाही तपासता येतील.

आजीचं मत

मी सांगलीला गेले होते तेव्हा आजीला यातलं एक गाणं ऐकवलं. आजीचा कान आकाशवाणीवरच्या भावगीतांवर घडलेला. तिच्या लेखी गाण्याची पहिली अट म्हणजे शब्द कळला पाहिजे. मला वाटलं, ती अर्ध्यातच बंद कर म्हणेल. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "अगं, ही गाभाऱ्यात गातेय. आपण आपले सभामंडपात उभे."

मी चाट पडले. मी चार परिच्छेद खर्च करून वर जे लिहिलंय ते आजीने एका वाक्यात सांगितलं होतं. मग तीच पुढे म्हणाली, "शब्द कळत नाहीत म्हणून काही अडत नाही बघ. गुरुजी आत काय म्हणतात ते तरी कुठे कळतं?"

शाळेच्या सहलीत आम्ही विजापूरचा गोलघुमट बघितला होता, तो मला आठवला. तिथे प्रत्येक मुलगी स्वतःचं नाव ओरडत होती आणि घुमट ते नाव परत परत फेकत होता. त्या गोंधळात कुणाचंच नाव कळत नव्हतं, पण हलायला कुणी तयार नव्हतं. निनाद म्हणजे फक्त बिघाड असता तर आम्ही तिथे इतका वेळ का थांबलो असतो?

प्रयोग आणि तुलना

विज्ञानात आपण एक गोष्ट बदलतो आणि बाकी सगळं तसंच ठेवून तुलना करतो. गंमत म्हणजे आकिनाने तेही करून ठेवलंय. १९८८ च्या जूनमध्ये तिचा 'वंडर' हा छोटा अल्बम आला. त्यात 'फुशिगी'तली गाणी नव्या वाद्यरचनेत आहेत आणि आवाज पुढे आणलेला आहे. म्हणजे तुलनेची सोय घरच्या घरी. मी दोन्ही लागोपाठ ऐकले. 'वंडर'मध्ये शब्द कळतात, आवाजाची जात कळते, ती खालच्या सुरात किती भक्कम आहे ते कळतं. अनेकांना तोच जास्त आवडेल. मला मात्र तेव्हाच पटलं की 'फुशिगी'त मागे गेलेला आवाज कच्चा म्हणून लपवलेला नव्हता. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

अजून एक पुरावा त्याच वर्षातला. २४ डिसेंबर १९८६ ला, म्हणजे 'फुशिगी'नंतर साडेचार महिन्यांनी, 'क्रिमसन' आला. गाणी ताकेउची मारिया आणि कोबायाशी आसुमी या दोघींची. इथे आकिना जवळजवळ कुजबुजते. त्यातलं 'एकी' (रेल्वे स्थानक) हे ताकेउचीचं गाणं. जुना प्रियकर स्थानकावर दिसतो आणि ती त्याला हाक न मारता बघत राहते. आकिनाने ते इतकं दबक्या आवाजात गायलं की ताकेउचीचे पती, प्रसिद्ध संगीतकार यामाशिता तात्सुरो चिडले. १९९४ मध्ये पत्नीच्या निवडक गाण्यांच्या संग्रहासोबतच्या टिपणात त्यांनी, नाव न घेता, एका आयडॉल गायिकेने या गाण्याचा लावलेला अर्थ आपल्याला अजिबात पटला नाही असं लिहिलं. ताकेउचीने १९८७ च्या 'रिक्वेस्ट'मध्ये तेच गाणं स्वतः गायलं. त्यातली बाई सावरलेली आहे. आकिनाची बाई सावरलेली नाही. दोन्ही ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा. मला इथे महत्त्वाचं वाटतं ते इतकंच, की गाण्याला 'अर्थ लावला' म्हणून आयडॉलवर चिडावं लागलं, याचा अर्थ तिने तो लावला होता.

तर एकाच वर्षात तीन आवाज : 'डिझायर'मध्ये दणदणीत, 'फुशिगी'त बुडालेला, 'क्रिमसन'मध्ये कुजबुजता. एकवीस वर्षांची मुलगी आपला आवाज कुठे ठेवायचा हे तपासून बघत होती, मी जसे प्रयोगात आकडे बदलून बघते तशी.

मागून पुढे वाचू नका

इथे मला एक अवघड गोष्ट लिहायलाच हवी. ११ जुलै १९८९ ला आकिनाने आत्महत्येचा प्रयत्न केला. ती वाचली. वर्षाच्या शेवटच्या रात्री तिला टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर बसून लोकांना त्रास दिल्याबद्दल माफी मागावी लागली. जुलै १९९० मध्ये ती 'डिअर फ्रेंड' घेऊन परतली आणि ते गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. पण त्यानंतरची वाट सरळ राहिली नाही. कंपन्या बदलल्या, प्रकृतीने साथ सोडली, २०१० पासून बराच काळ ती दिसलीच नाही.

हे कळल्यावर 'फुशिगी' पुन्हा ऐकला की मन लगेच एक गोष्ट जुळवतं. 'बघा, तेव्हापासूनच ती हाक मारत होती, कुणी ऐकली नाही.' मी स्वतः दोन महिने असंच ऐकत होते आणि रडतही होते. चाहत्याला हे फार सोपं जातं.

पण इतिहास असा वाचू नये, हे मी हळूहळू शिकले. १९८६ मध्ये कुणालाच १९८९ माहीत नव्हतं, तिलाही नाही. तेव्हा तिच्या हातात होतं ते यश, अधिकार आणि एक धाडसी कल्पना. 'फुशिगी'ला दुःखाची आगाऊ चिठ्ठी ठरवलं की तिने केलेलं काम गायब होतं आणि उरते फक्त एक बिचारी. परीक्षकांनी तिला आधी प्रौढ आणि मग बालिश ठरवलं होतं. आपण तिला नियतीची बळी ठरवून तिसरा शिक्का मारायचा का? निर्माती म्हणून अल्बमवर तिचं नाव आहे. कामाचं श्रेय कामाला द्यावं.

आणि तसंही तिची गोष्ट १९८९ ला संपत नाही. २०१४ च्या ३१ डिसेंबरला 'कोहाकू' या वर्षाखेरीच्या कार्यक्रमात ती न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून गायली. २०२२ मध्ये तिने नव्याने काम सुरू करत असल्याचं जाहीर केलं, म्हणजे मी हेडफोनची पिन काढून-घालून बघत होते त्याच पावसाळ्यात. २०२५ च्या वसंतात ती ओइताला खुल्या मैदानातल्या महोत्सवात गायली. खुल्या मैदानात भिंती नसतात, निनादही नसतो.

माझ्या प्रबंधाचं काय?

गेल्या वर्षी मी एक आगाऊपणा केला. गाण्यातली वाद्यं वेगळी काढली आणि 'फुशिगी'तल्या एका गाण्यावर माझाच निनाद पुसणारा प्रोग्रॅम चालवला. पत्र्याच्या डब्यासारखा का होईना, पण आवाज जवळ आला. चार-सहा शब्द पहिल्यांदाच स्पष्ट कळले. नेहमीच्या मोजपट्टीवर हा निकाल 'सुधारणा' म्हणून नोंदवता आला असता. मी तो एकदा ऐकला आणि मला कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यासारखं वाटलं.

भाषणाच्या रेकॉर्डिंगमध्ये निनाद पुसणं योग्यच आहे. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या श्रवणयंत्रात तर ते अत्यावश्यक आहे, आणि माझं काम त्यासाठीच आहे. पण 'स्वच्छ' म्हणजे 'चांगलं' हे समीकरण मी इतकी वर्षं न तपासता वापरत होते. आता प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मी एक वाक्य वाढवलंय : खोलीचा आवाज हा कधी अडथळा असतो आणि कधी बोलणाऱ्याची निवड असते, आणि यांतला फरक संगणकाला आपोआप कळत नाही. मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून विचारलंय, "उदाहरण?"

उदाहरण आहे. फक्त ते प्रबंधात कसं लिहायचं ते ठरत नव्हतं, म्हणून आधी तुम्हाला लिहिलं.

ऐकायचं असेल तर क्रम असा ठेवा : आधी 'डिझायर', मग 'फुशिगी' पूर्ण, सलग, शक्यतो रात्री, आणि मग 'वंडर'. 'फुशिगी' सुरू झाल्यावर आवाज वाढवायचा मोह होईल. वाढवू नका. ती जिथे उभी आहे तिथेच तिला गाऊ द्या.